नवे डीए आले, जुने वकील गेले. मधल्या खटल्यांचं काय?

खाडीकाठचा

८ जुलै २०२२ ला ब्रुक जेन्किन्स यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या डिस्ट्रिक्ट अटर्नी (डीए) म्हणून शपथ घेतली आणि १५ जुलैला कार्यालयातल्या पंधरा जणांना नारळ दिला. त्यांच्या आधीचे चेसा बूदीन जानेवारी २०२० मध्ये आले, तेव्हा त्यांनी शपथ घेतल्यावर दोनच दिवसांत सात वकिलांना काढलं होतं. दोन्ही वेळा पेपरात, टीव्हीवर आणि आमच्या इथल्या मराठी वॉट्सअ‍ॅप गटांवर एकच हिशोब चालला: कोण गेलं, कोणाच्या गटातलं होतं, कोणाची जिरली.

भारतातल्या मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. डीए म्हणजे काउंटीचा मुख्य सरकारी वकील. बहुतेक राज्यांत तो लोकांनी निवडून दिलेला असतो, बहुतेक ठिकाणी चार वर्षांसाठी. कोर्टात रोज उभे राहतात ते त्याचे सहायक. त्यांच्या जोडीला तपासनीस, कारकून, आणि पीडितांना धीर देणारे, तारखा कळवणारे कर्मचारी. सॅन फ्रान्सिस्कोत या सहायकांना नोकरीची हमी जवळजवळ नाही; साहेबाची मर्जी असेपर्यंत खुर्ची.

आता तारखा लावून बघा. ऑक्टोबर २०१९ मध्ये तेव्हाचे डीए जॉर्ज गॅस्कोन राजीनामा देऊन गेले. महापौर लंडन ब्रीड यांनी सुझी लॉफ्टस यांना हंगामी नेमलं. नोव्हेंबरात लॉफ्टस निवडणूक हरल्या, जानेवारीत बूदीन आले. ७ जून २०२२ ला मतदारांनी मुदतीआधीच मतदान करून बूदीन यांना पदावरून हटवलं, जुलैत जेन्किन्स आल्या. म्हणजे पावणेतीन वर्षांत चार साहेब. खुनाचा खटला इथे दोन-तीन वर्षं सहज चालतो.

आणि काढलेल्यांपेक्षा आपणहून गेलेले कितीतरी जास्त. जेन्किन्स स्वतः बूदीन यांच्या हाताखाली होत्या, ऑक्टोबर २०२१ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडल्या आणि बूदीन यांना हटवण्याच्या मोहिमेत उतरल्या. त्या वेळच्या टीव्ही बातमीत आकडा होता की बूदीन आल्यापासून पन्नासच्या वर वकील गेले किंवा काढले गेले, म्हणजे कार्यालयातले साधारण तिसरा हिस्सा वकील. पंधरा आणि सात या आकड्यांवर भांडणाऱ्यांनी या पन्नासांकडे बघितलंच नाही.

प्रत्येकाच्या टेबलावर फाइली होत्या. त्या कोणाकडे गेल्या, आणि जाताना त्यांतलं काय गळलं, यावर इथे बोलायचं आहे. हकालपट्टी बरोबर की चूक यावरही बोला, पण फाइली विसरू नका.

चार_आणे

निवडून आलेल्या माणसाने स्वतःची माणसं आणायची नाहीत तर निवडणूक घ्यायची कशाला? सरळ परीक्षा घ्या आणि कलेक्टरसारखा नेमून टाका. लोकांनी धोरण बदलायला मत दिलं. जुनेच वकील ठेवून नवीन धोरण राबवा म्हणजे आडातलं पाणी पोहऱ्यात येऊ द्यायचंच नाही.

मिरचीचा_ठेचा

चार आणे, पोहरा तुमचा, आड तुमचा, बुडतो मात्र फिर्यादी.

स्कूलकिलकर

फिलाडेल्फियाचं सांगतो, कारण नव्या डीएंनी जुने वकील काढण्याच्या हल्लीच्या लाटेतलं सर्वांत गाजलेलं उदाहरण आमचंच आहे.

लॅरी क्रॅस्नर यांनी आयुष्यभर बचावाची वकिली केली, पोलिसांवर ढिगाने दावे लावले. सरकारी वकील म्हणून त्यांनी कधी कामच केलं नव्हतं. २०१७ च्या नोव्हेंबरात निवडून आले, जानेवारी २०१८ च्या पहिल्या आठवड्यात शपथ झाली आणि ५ जानेवारीला, शुक्रवारी, एकतीस जणांना राजीनामे द्यायला सांगितले. कार्यालयात तेव्हा तीनशेच्या आसपास वकील होते, म्हणजे दहातला एक. गेलेल्यांत खुनाचे खटले चालवणारे मुरलेले लोक होते.

पण आधी काय होतं तेही बघा. क्रॅस्नर यांच्या आधी निवडून आलेले डीए सेथ विल्यम्स लाचखोरीच्या खटल्यात गुन्हा कबूल करून २०१७ च्या जूनमध्ये पायउतार झाले आणि त्यांना पाच वर्षांची शिक्षा झाली. मधले सहा महिने केली हॉज हंगामी होत्या. साहेबच तुरुंगात गेलेल्या कार्यालयात झाडलोट करू नका, असं मतदारांना कोण सांगणार? क्रॅस्नर पुढे आणखी दोनदा निवडून आले. काढलेल्यांपैकी कार्लोस व्हेगा हे पस्तीस वर्षांचा अनुभव असलेले मुरलेले वकील २०२१ मध्ये त्यांच्याच विरुद्ध पक्षांतर्गत निवडणुकीला उभे राहिले आणि दणकून हरले.

तरी खाडीकाठचे, तुमच्याशी सहमत. एकतिसांच्या जागी लॉ स्कूलमधून नुकती बाहेर पडलेली उत्साही मुलं आली. हुशार होती, पण खुनाच्या खटल्यात साक्षीदार उलटला तर काय करायचं हे वर्गात शिकवत नाहीत. त्यांतलीही बरीच दोन-तीन वर्षांत कंटाळून गेली. म्हणून पहिल्या शुक्रवारच्या बातमीपेक्षा मला नंतरची ही हळूहळू लागलेली गळती जास्त महाग वाटते.

पायरी_चढलेला

पुण्यात फौजदारी वकिली करतो. आपल्याकडे डीएची निवडणूक नाही म्हणून इथे असं होत नाही, असा कोणाचा समज असेल तर तो काढून टाका. प्रकार तोच असतो, फक्त सरकारी कागदावर.

दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात उभे राहतात ते एपीपी, म्हणजे सहायक सरकारी वकील. ते लोकसेवा आयोगातून येतात, त्यांची नोकरी पक्की. सरकार कोणाचंही येवो, त्यांची फार तर बदली होते. सत्र न्यायालयातले जिल्हा सरकारी वकील आणि त्यांचे अतिरिक्त व सहायक वकील मात्र बारमधून, म्हणजे खासगी वकिली करणाऱ्यांतून नेमले जातात, साधारण तीन वर्षांसाठी. ही नेमणूक विधी व न्याय विभागाची. खून, बलात्कार, दरोडा हे सगळं यांच्याकडे. उच्च न्यायालयात सरकारी वकिलांचं पॅनेल असतं, आणि सगळ्यांत वर महाधिवक्ता, जो राज्यपालांची मर्जी असेपर्यंत पदावर असतो. राज्यात सत्ता फिरली की बार रूममध्ये पहिला प्रश्न असतो, 'पॅनेल कधी बदलतंय?' चहा संपायच्या आत चार नावं हवेत असतात.

याचा सर्वांत मोठा नमुना उत्तर प्रदेशातला. डिसेंबर १९८९ मध्ये तिथे सरकार बदललं. ६ फेब्रुवारी १९९० ला एक परिपत्रक निघालं आणि राज्यातल्या झाडून सगळ्या जिल्ह्यांतल्या सरकारी वकिलांच्या नेमणुका २८ फेब्रुवारीपासून संपवल्या. एकेकाचं काम तपासणं नाही, कारण नाही, एका फटक्यात सगळे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं: श्रीलेखा विद्यार्थी विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य. सप्टेंबर १९९० मध्ये न्या. जे. एस. वर्मा यांच्या पीठाने परिपत्रक रद्द केलं. सरकारचं म्हणणं असं की हा नुसता करार आहे, वकील आणि अशील, अशील कधीही वकील बदलू शकतो. न्यायालय म्हणालं, सरकारी वकिलाच्या पदाला सार्वजनिक बाजू आहे, आणि सरकार करारातसुद्धा मनमानी करू शकत नाही. अनुच्छेद १४ तिथेही लागू होतो.

त्यावर फार खूश होऊ नका. २००४ च्या जोहरी मल निकालात त्याच न्यायालयाने सांगितलं की मुदत संपल्यावर नूतनीकरण मिळण्याचा हक्क वकिलाला नाही. म्हणून आता कोणी एका फटक्यात काढत नाही. मुदत संपू देतात, तोवर 'पुढील आदेशापर्यंत' लोंबकळत ठेवतात. त्या काळात त्या माणसाने नवीन खटल्यात जीव ओतावा अशी अपेक्षा कशी करायची?

अनघा_एडिसन

न्यू जर्सीत निवडणूक नाहीच. काउंटी प्रॉसिक्यूटरला, म्हणजे इथल्या डीएला, गव्हर्नर नेमतो, सिनेटची संमती लागते, मुदत पाच वर्षांची. पण खालचे सहायक प्रॉसिक्यूटर साहेबाच्या मर्जीवरच. म्हणजे चार आणे, निवडणूक काढून टाकली तरी तुमचा प्रश्न सुटत नाही.

पायरी चढलेला, महाधिवक्ता दर सरकारबरोबर बदलतोच का?

पायरी_चढलेला

नाही. २०१४ मध्ये सरकार बदललं तेव्हा दारियस खंबाटा यांनी राजीनामा दिला होता. पण आशुतोष कुंभकोणी २०१७ मध्ये आले, २०१९ मध्ये सत्ता पूर्ण फिरली तरी राहिले. २०२२ मध्ये पुन्हा सत्ता फिरली, त्याच वर्षी डिसेंबरात बिरेंद्र सराफ आले. ठेवायचं ठरवलं तर ठेवता येतं.

४०५वर_अडकलेला

लॉस एंजेलिसची गोष्ट उलटी आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे हजाराच्या आसपास सरकारी वकील, देशातलं सगळ्यांत मोठं स्थानिक कार्यालय, आणि त्यांना सिव्हिल सर्व्हिसचं कवच आहे. नवा डीए आला तरी त्यांना काढू शकत नाही. वरच्या मोजक्या जागा सोडल्या तर बाहेरची माणसं आणणंही अवघड.

गॅस्कोन (हो, तेच सॅन फ्रान्सिस्कोवाले) ७ डिसेंबर २०२० ला इथे डीए झाले. पहिल्याच दिवशी धोरणांचे आदेश काढले: शिक्षा वाढवणारी कलमं लावायची नाहीत, जुन्या गुन्ह्यांचे 'स्ट्राइक' (आधीचे गंभीर गुन्हे, ज्यांमुळे नवी शिक्षा वाढते) मांडायचे नाहीत. महिना संपायच्या आत त्यांच्याच वकिलांच्या संघटनेने त्यांच्यावर दावा ठोकला. फेब्रुवारी २०२१ मध्ये न्यायाधीश जेम्स चाल्फंट यांनी बराचसा मनाई हुकूम दिला. कायदा सांगतो स्ट्राइक मांडा, साहेब सांगतो मांडू नका. हाताखालच्या वकिलाने करायचं काय? वर्षभराने संघटनेने मतदान घेतलं, तर मत देणाऱ्यांतले सुमारे ९८ टक्के मतदान घेऊन साहेबाला मुदतीआधी हटवण्याच्या बाजूने. असलं कार्यालय चार वर्षं चाललं!

काढता येत नाही तर साहेब काय करतो? बदली. या काउंटीत तिला गमतीने 'फ्रीवे थेरपी' म्हणतात: घर एका टोकाला, कोर्ट दुसऱ्या टोकाला, रोज दोन-दोन तास गाडीत. बालगुन्हेगारी विभाग सांभाळणाऱ्या एका वरिष्ठ वकील बाईंनी दावा केला की नव्या धोरणावर बोट ठेवलं म्हणून आपल्याला कमी महत्त्वाच्या जागी टाकलं. मार्च २०२३ मध्ये ज्यूरीने त्यांना १५ लाख डॉलर दिले. पैसे काउंटीचे, म्हणजे माझे.

डिसेंबर २०२४ मध्ये नेथन हॉकमन आले आणि पहिल्याच दिवशी गॅस्कोन यांचे आदेश मागे घेतले. वकील तेच, आदेश उलटे.

चार_आणे

हेच तर म्हणतोय. कवच दिलं की चार वर्षं शीतयुद्ध.

स्कूलकिलकर

आणि कवच काढलं की एकतीस जण शुक्रवारी घरी. निवडा.

गंबो_आणि_भात

सगळे वकिलांबद्दलच बोलताय. न्यू ऑर्लिन्समध्ये काय झालं ते ऐका.

तिथे हॅरी कॉनिक सीनियर तीस वर्षं डीए होते. जानेवारी २००३ मध्ये एडी जॉर्डन आले, शहराचे पहिले कृष्णवर्णीय डीए. मोठ्या नावाचा माणूस. फेडरल वकील असताना त्यांच्या कार्यालयाने माजी गव्हर्नर एडविन एडवर्ड्स यांना शिक्षा मिळवून दिली होती. आल्या आल्या त्यांनी पन्नासहून जास्त बिगर-वकील कर्मचारी काढले: तपासनीस, कारकून वगैरे. काढलेले जवळजवळ सगळे गोरे, घेतलेले बहुतेक कृष्णवर्णीय. जॉर्डन म्हणाले, मला माझी माणसं हवी होती, वंशाचा संबंध नाही. २००५ मध्ये फेडरल ज्यूरीने वंशभेद झाला असं ठरवलं, अपिलातही तेच कायम राहिलं. व्याज आणि खर्च धरून रक्कम ३७ लाख डॉलरच्या घरात गेली. कार्यालयाकडे एवढे पैसे नव्हते. बँक खाती जप्त व्हायची वेळ आली. खुनाचे खटले निसटतात म्हणून आधीच ओरड होती, त्यात ही भर. २००७ च्या ऑक्टोबरअखेर जॉर्डन यांनी राजीनामा दिला.

चार आणे, 'माझी माणसं' म्हणताना कोणती माणसं, हा प्रश्न कोर्ट विचारतं.

अनघा_एडिसन

पण पक्षावरून काढता येतं ना? तिथे कोर्ट काही म्हणत नाही?

पायरी_चढलेला

अमेरिकन कायदा माझा प्रांत नाही, पण एल.एल.एम.ला हे वाचलं होतं, हौसेने सांगतो. १९८० चा ब्रँटी विरुद्ध फिंकेल. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड काउंटीत नवा पब्लिक डिफेंडर (गरीब आरोपींचा सरकारी खर्चाने बचाव करणारा वकील) आला, डेमोक्रॅट. नऊपैकी सहा सहायकांना त्याने नोटिसा काढल्या. सुप्रीम कोर्ट म्हणालं, नुसत्या पक्षावरून काढता येणार नाही. आरोपीचा बचाव करायला पक्ष लागत नाही. सरकारी वकिलांच्या बाबतीत मात्र बऱ्याच फेडरल अपील न्यायालयांनी उलट भूमिका घेतली, कारण सहायक डीए हा साहेबाच्या नावाने धोरण राबवतो. सॅन फ्रान्सिस्कोतलाच एक सहायक विद्यमान डीएविरुद्ध निवडणुकीला उभा राहिला आणि त्याला काढलं. १९९७ मध्ये नवव्या सर्किटच्या फेडरल अपील न्यायालयाने त्यात काही गैर नाही म्हटलं.

गंबो, तुमच्या कॉनिक यांच्याच कार्यालयातला आणखी एक निकाल आहे. तिथल्या शीला मायर्स या सहायक वकिलाची बदली ठरली, ती त्यांना नको होती. त्यांनी सहकाऱ्यांमध्ये प्रश्नावली वाटली: बदल्यांचं धोरण, मनोबल, साहेबांवर विश्वास आहे का, वगैरे. कॉनिक यांनी काढून टाकलं. १९८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने कॉनिक यांची बाजू घेतली. सार म्हणजे कार्यालयातली कुरबुर ही भाषणस्वातंत्र्यात बसत नाही.

मिरचीचा_ठेचा

आमच्या कंपनीत एचआर दर तिमाहीला तीच प्रश्नावली स्वतः पाठवतं आणि भरली नाही तर रागावतं.

नुसता_वाचक

फाइलींचं काय झालं ते विचारलं होतं ना? सेंट लुईसचं उदाहरण द्या कोणीतरी. मीच देतो.

किम गार्डनर २०१७ च्या जानेवारीत तिथल्या सर्किट अटर्नी, म्हणजे तिथल्या डीए, झाल्या. अनुभवी वकील एकेक करून गेले, उरलेल्यांच्या अंगावर फाइली वाढत गेल्या. जुलै २०२१ मध्ये एका खुनाच्या खटल्यात न्यायाधीशांनी आरोप रद्द केले, कारण सरकारतर्फे तारखेला कोणी उभंच राहिलं नाही. ज्या वकील बाईंच्या नावावर खटला होता त्या बाळंतपणाच्या रजेवर होत्या. दोषारोप नंतर नव्याने दाखल झाले, पण मेलेल्याच्या घरच्यांनी मधले दिवस कसे काढले असतील? गार्डनर मे २०२३ मध्ये पायउतार झाल्या आणि गव्हर्नरनी गेब गोर यांना नेमलं.

यात कोणी कोणाला काढलं नव्हतं, हे लक्षात घ्या.

खाडीकाठचा

मला हवं होतं ते हेच. आता यावर कायदा काय म्हणतो ते सांगतो. मी वकील नाही, पण ज्यूरीत बसून आल्यापासून हे वाचायचा नाद लागला आहे. साहेब-भक्त आणि साहेब-द्वेष्टे दोघांनीही वाचण्यासारखे दोन जुने निकाल आहेत, दोन्ही सरन्यायाधीश वॉरन बर्गर यांनी लिहिलेले.

पहिला सँटोबेलो विरुद्ध न्यूयॉर्क, १९७१. जुगाराच्या गुन्ह्यातला आरोपी. जून १९६९ मध्ये सरकारी वकिलाशी ठरलं: कमी गुन्हा कबूल कर, शिक्षेबद्दल आम्ही काही शिफारस करणार नाही. त्याने कबूल केलं. तारखा पडत गेल्या. जानेवारी १९७० मध्ये शिक्षेच्या दिवशी सरकारतर्फे दुसराच वकील उभा. त्याला आधीचा शब्द माहीतच नव्हता. त्याने जास्तीत जास्त, म्हणजे एक वर्षाची शिक्षा मागितली आणि ती मिळाली. न्यायाधीश म्हणाले, शिफारशीचा माझ्यावर काही परिणाम झालेला नाही. तरी सुप्रीम कोर्टाने प्रकरण परत पाठवलं. वकील बदलला ही सबब चालत नाही. एकाने दिलेला शब्द दुसऱ्याला कळवण्याचं ओझं कार्यालयाचं.

दुसरा गिग्लिओ, १९७२. बँकेतला एक कर्मचारी माफीचा साक्षीदार होता. ग्रँड ज्यूरीपुढे (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांपुढे) प्रकरण नेणाऱ्या वकिलाने त्याला सांगितलं होतं, साक्ष दे, तुझ्यावर खटला नाही. खटला चालवला दुसऱ्या वकिलाने. साक्षीदार शपथेवर म्हणाला मला कोणी काही वचन दिलेलं नाही, आणि चालवणाऱ्या वकिलानेही ज्यूरीला तेच सांगितलं, कारण त्याला माहीतच नव्हतं. शिक्षा रद्द, नव्याने खटला. कार्यालय हे एकच व्यक्ती धरायचं, मोठ्या कार्यालयाला जड जात असेल तर त्यांनी तशी पद्धत बसवावी, असा एकूण निकाल.

आता या 'एका व्यक्ती'चा तिसरा हिस्सा दोन वर्षांच्या आत बदलला. कोणाला काय शब्द दिला, कोणता साक्षीदार कुठे डळमळला, कोणता पोलिस पूर्वी कोर्टात खोटा ठरला आहे, यातलं निम्मं डोक्यात असतं, निम्मं ईमेलमध्ये. शुक्रवारी दुपारी माणसाला सांगितलं की निघा, लॅपटॉप ठेवा, तर चार्ज कोण कोणाला देणार? जेन्किन्स असोत, बूदीन असोत, क्रॅस्नर असोत, तिघांनाही हाच प्रश्न.

४०५वर_अडकलेला

पण जेन्किन्स यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये अमली पदार्थ विकणाऱ्यांना बूदीन यांच्या काळात देऊ केलेल्या तीसहून जास्त तडजोडी मागे घेतल्या. ते सँटोबेलोत बसतं?

खाडीकाठचा

बसतं. आरोपीने कोर्टासमोर गुन्हा कबूल करेपर्यंत सरकारला देऊ केलेली तडजोड मागे घेता येते, हे १९८४ च्या मॅब्री विरुद्ध जॉन्सनमध्ये ठरलं आहे. आरोपीने वकिलामार्फत 'हो' कळवलेलं असलं तरीसुद्धा. धोरण बदललं हे मला मान्य आहे, त्यासाठीच निवडणूक असते. उघडपणे मागे घेणं वेगळं आणि नव्या माणसाला माहीतच नसल्याने शब्द मोडणं वेगळं.

निवृत्त_एपीपी

उशिरा आलो. नोकरी महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत झाली, जिल्हे लिहीत नाही.

१९९५ पर्यंत आम्हा एपीपींची अवस्था अशी की आम्ही पोलिस खात्याच्या हाताखाली. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सांगितलं की यांना पोलिसांपासून वेगळं करा, स्वतंत्र संचालनालय करा. तेव्हापासून आमचा साहेब वेगळा झाला. म्हणून 'कवच असलं की शीतयुद्ध' हे मला पटत नाही. कवच नव्हतं तेव्हा तपास अधिकारी ठरवायचा की वकिलाने कोर्टात काय बोलायचं.

फाइलींबद्दल मात्र खाडीकाठचे बरोबर बोलत आहेत. आपल्याकडे कोर्टाचा रोजनामा असतो, त्यात कोणत्या तारखेला काय झालं ते ओळीत समजतं. पण रोजनामा कोर्टाचा, वकिलाचा नव्हे. साक्षीदाराने कॉरिडॉरमध्ये काय सांगितलं, पंच कोणाच्या नात्यातला निघाला, बचावाचा रोख कुठे आहे, हे माझ्या वहीत. बदली झाली की मी माझ्या जागी येणाऱ्याला ती वही द्यायचो. सगळे देत नाहीत. कोणी देत नाही म्हणून त्याला विचारणारंही कोणी नाही. सत्र न्यायालयात तर पॅनेल बदललं की जुना आणि नवा सरकारी वकील एकमेकांचे स्पर्धक. एकाची खुर्ची दुसऱ्याने घेतलेली. वही मागायला कोण जाणार?

नवा वकील मग पहिल्याच तारखेला मुदत मागतो. 'बोर्डावर आहे, पण ब्रीफ आजच मिळालं, साहेब.' कोर्टही देतं. तालुक्यातून एसटीने आलेला साक्षीदार भत्त्याचा कागद घेऊन परत जातो. तिसऱ्या खेपेला तो येतच नाही.

एक_साक्षीदारीण

मी इथे सहसा लिहीत नाही. कॅलिफोर्नियातल्या एका काउंटीत माझ्या दुकानावर दरोडा पडला होता, काउंटीचं नाव लिहीत नाही. डीए बदलल्यावर माझ्या खटल्याचे वकील बदलले, त्याचं मला फार वाटलं नाही. वकील येतात जातात. पण पीडितांना मदत करणारी जी मुलगी होती ती गेली, तेव्हा मी कोलमडले. तारीख पुढे गेली की फोन तिचा यायचा, आरोपी जामिनावर सुटला हे तिनेच आधी सांगितलं होतं. ती गेल्यावर तारीख बदलल्याचं मला कोर्टाच्या दारात कळलं. नव्या वकिलांनी पहिल्या भेटीत मला विचारलं, तुम्ही आरोपीला ओळखता का? हे मी आधीच्या दोघांना सविस्तर सांगितलेलं होतं. त्यांच्याकडे ते लिहिलेलं नव्हतं.

त्यांच्यावर माझा राग नाही, त्यांच्या टेबलावर माझ्यासारख्या किती होत्या ते मी पाहिलं आहे.

अनघा_एडिसन

ताई, वाचून वाईट वाटलं. आता खटला कुठवर आला आहे?

एक_साक्षीदारीण

संपला. शिक्षा झाली. पण माझी साक्ष दुसऱ्यांदा तयार करताना मी काही तारखा विसरले होते आणि बचावाच्या वकिलांनी त्यावरून मला बरंच फिरवलं.

चार_आणे

ताई, माझा मुद्दा अजून तोच आहे, पण एक जोडतो. वर धोरण ठरवणारे चार-पाच जण बदला, खुशाल बदला. दुसऱ्या टोकाला जे पीडितांचे फोन उचलतात त्यांना हात लावू नका. मधल्या वकिलांवर भांडू.

गंबो_आणि_भात

जॉर्डन यांनी नेमकं उलट केलं होतं.

स्कूलकिलकर

मधल्या वकिलांवर भांडायचं तर फेडरल पद्धतीवर बोला. ९३ यू.एस. अटर्नी (केंद्र सरकारचे विभागवार मुख्य वकील) राष्ट्राध्यक्षांबरोबर बदलतात हे सगळ्यांनी मान्य केलेलं आहे. मार्च २०१७ मध्ये उरलेल्या ४६ जणांना एकदम राजीनामे मागितले, प्रीत भरारा यांनी दिला नाही म्हणून त्यांना काढलं. खालचे सहायक मात्र जागेवर राहिले, खटले चालू राहिले. वर्षानुवर्षं ही रेघ टिकली होती. जानेवारी २०२५ मध्ये ट्रम्प यांच्यावरचे खटले चालवणारे विशेष वकील जॅक स्मिथ यांच्याबरोबर काम केलेल्या डझनभराहून जास्त वकिलांना काढलं, ६ जानेवारी २०२१ च्या संसद भवनातल्या दंगलीचे खटले चालवणारे काही परिविक्षाधीन वकीलही गेले. रेघ बरीचशी रिवाजावर टिकली होती. रिवाज मोडायला एक ईमेल पुरतो.

मिरचीचा_ठेचा

धागा राजकारणावर गेला तर संपादक कुलूप लावतील. फाइलीवर या.

४०५वर_अडकलेला

फाइलीवरच येतो. साक्षीदारीण ताई, कॅलिफोर्नियात २००८ पासून मार्सीज लॉ आहे. त्यात पीडिताला सुनावण्यांची सूचना मिळण्याचा आणि सरकारी वकिलाशी बोलण्याचा हक्क आहे, पण तो मागितल्यावर. आधीच्या वकिलाकडे केलेली विनंती नव्याला दिसेलच असं धरू नका. साहेब बदलला की नव्याने लेखी विनंती पाठवा, खटल्याच्या क्रमांकासकट. इथे ज्यांचे खटले चालू असतील त्यांनी आजच पाठवा.

निवृत्त_एपीपी

आपल्याकडे याला एक चांगली सोय आहे. फिर्यादी किंवा पीडित स्वतःचा वकील सरकारी वकिलाच्या मदतीला देऊ शकतो, कोर्टाची परवानगी घेऊन. २००९ च्या दुरुस्तीने हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ मध्ये आलं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ मध्ये आहे. सरकारी वकील तीनदा बदलले तरी हा वकील तोच राहतो, त्याच्याकडे सगळं असतं. मी असे दोन-तीन खटले पाहिले, जे या वकिलांनीच ओढून नेले.

पायरी_चढलेला

आणि त्याची फी कोण देतो, एपीपी साहेब? मारुती शोरूमवाल्याच्या घरचा खून असेल तर असा वकील पहिल्या तारखेला हजर असतो. वीटभट्टीवरच्या बाईच्या नवऱ्याचा खून असेल तर तिच्याकडे तुम्ही आणि तुमची वही, एवढंच.

निवृत्त_एपीपी

विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. अर्ज तालुक्याच्या समितीतच मिळतो, पैसे लागत नाहीत. लोकांना सांगावं लागतं, आणि सांगायचं काम ज्याच्या टेबलावर फाइल आहे त्याचं.